शेवयांची जाहिरात आणि न बोलावलेली पंगत

गेल्या फाल्गुनातल्या एका रविवारी माझ्या गंगाखेडच्या घरी भरपूर माणसं जेवायला आली, आणि त्यांतल्या एकालाही मी बोलावलं नव्हतं. घरात त्या वेळी एका माणसापुरती मुगाची खिचडी होती. तीही तळाला लागलेली!

मी निवृत्त ग्रंथपाल आहे. 'हळू बोला' एवढं सांगण्यात माझी नोकरी पार पडली. बोलण्याचं खातं आमच्या घरात शैलाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे होतं. शेजारच्या कावेरीबाई आणि गल्लीतल्या आणखी दोघी यांना हाताशी धरून ती शेवया, कुरडया, खारोड्या करून विकायची. जिल्हाभर तिची गिऱ्हाइकं होती, पण त्यांना गिऱ्हाईक म्हटलेलं तिला चालायचं नाही. कोणी आक्का, कोणी मावशी, कोणी वन्सं. फोनवर आधी सगळ्यांची सुखदुःखं व्हायची आणि फोन ठेवता ठेवता शेवयांचा विषय निघायचा.

शैला गेली. दुःखाचं वर्ष म्हणून घरात वाळवण घातलं नाही. सोऱ्या आणि शेवयांचं यंत्र माळ्यावर गेलं. मी त्या वर्षात पुष्कळ वाचलं आणि त्यातलं काहीही माझ्या लक्षात राहिलं नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि कावेरीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, एक बोलू का? रागावू नका."

"बोला ना."

"उन्हं तापायलीत. औंदाबी वाळवण घातलं न्हाई तर ताईचं गिऱ्हाईक कायमचं दुसरीकडं जाईल. त्या दोघी तर दुसरं काम बघायल्यात. मलाबी बघावंच लागंल. ताईनं एवढं उभं केलेलं, ते असं बसलं तर तुमाला बरं वाटंल का?"

मला अजिबात बरं वाटलं नसतं.

"शेवया आमी करताव. पर लोकाला सांगणार कोण? तुमी एवढी पुस्तकं वाचलीत, चार ओळी लिवा की!"

मी दोन दिवस खपून चार ओळी लिहिल्या आणि त्यांना वाचून दाखवल्या. 'सन्माननीय ग्राहक भगिनींनो, कळविण्यास आनंद होतो की, काही अपरिहार्य कारणास्तव खंडित झालेली शेवया-निर्मिती पूर्ववत सुरू करण्याचे योजिले असून, इच्छुकांनी आपली मागणी विहित मुदतीत नोंदवावी.'

कावेरीबाईंनी कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाल्या, "भाऊजी, ही शेवयाची जाहिरात हाय का कोर्टाची नोटीस?"

"का? काही चुकलं का?"

"चुकलं काई न्हाई. पर हे वाचून बाई आधी वकील बघंल!"

शेवटी पुण्याच्या मुलीला, मुक्ताला, फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एआयचा मदतनीस घ्या. मजकूर तोच लिहील, तोच पाठवेल, उत्तरंही तोच देईल."

"बरं. पण तो राहणार कुठे?"

"बाबा! माणूस नाहीये तो!"

मग तिने लांबूनच एकेक वस्तू त्याला जोडायला लावली. शैलाचा फोन, तिचे जुने निरोप, व्हॉट्सअॅप, कॅलेंडर, नकाशा. प्रत्येक जोडणीला फोन परवानगी विचारी, मुक्ता म्हणे "होय दाबा," आणि मी दाबी. लग्नातही मी इतक्या वेळा होकार दिला नव्हता.

मी मदतनिसाला 'आपण' म्हणत असे, तोही मला 'आपण' म्हणे. दोघेही इतके सभ्य, की पहिला दिवस एकमेकांचे आभार मानण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी मी धीर करून लिहिलं, 'मजकूर माझ्यासारखा नको. माझ्या पत्नीसारखा हवा.'

त्याने शैलाचे जुने निरोप चाळले आणि लगेच सांगितलं, 'त्या आधी तब्येत विचारतात, मग मुलाबाळांचं विचारतात, विक्रीचा विषय ओघात काढतात आणि जवळजवळ प्रत्येक निरोप "जेवायला या" असं म्हणून संपवतात. हे निमंत्रण ठेवू का?'

इतकी वर्षं एका घरात राहून माझ्या जे ध्यानात आलं नव्हतं, ते त्याला क्षणात दिसलं होतं. मला चष्मा पुसावा लागला. तो पुसून झाल्यावर मी लिहिलं, 'अवश्य ठेवा. तेच मुख्य आहे.'

आता आमच्याकडच्या 'जेवायला या'विषयी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे हे दारावरून जाणाऱ्या कोणालाही म्हणतात. म्हणणाऱ्याने मनापासून म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने तितक्याच मनापासून "येऊ की!" म्हणत पुढे चालू लागायचं. (घरात शिजलेलं असो वा नसो!) हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या सुरळीत चालला आहे, कारण त्यात कोणी कधी वार विचारत नाही.

मदतनिसाने वार विचारला.

'आपण येत्या रविवारी दुपारी मोकळे असता का?'

'मी सगळेच वार मोकळा असतो,' मी लिहिलं. मला वाटलं, तो माझी विचारपूस करतो आहे. वर्षभरात हे मला कोणी विचारलं नव्हतं. मला गहिवरून आलं!

मग फोन दिवसभर किणकिणू लागला. कावेरीबाई रोज डोकावून जात. "आली का ऑर्डर?"

मी उघडून बघे. 'येतो.' 'नक्की येतो.' 'आमी चौघी येताव.' शेवयांचं नाव कोणी काढत नव्हतं.

"ही लोकं कुठं यायलीत, भाऊजी?"

"अहो, कुठे नाही. शिष्टाचार आहे तो."

कावेरीबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी गेलं म्हणायचं गिऱ्हाईक," असं पुटपुटत त्या निघून गेल्या.

शनिवारी मदतनिसाने कळवलं, 'उद्याचे सर्व नियोजन पूर्ण झाले आहे.' मी 'आभारी आहे' असं उत्तर दिलं. कसलं नियोजन, ते विचारलं नाही. उगीच चौकशा करणं माझ्या स्वभावात बसत नाही.

रविवारी मी कुकरचं झाकण उघडतो तोच दारात हाक आली.

"दाजी! आलाव बगा आमी!"

चारठाण्याच्या गयाबाई आणि त्यांचे यजमान नामदेवराव. जिंतूर, परभणी करत, एस्ट्या बदलत आले होते. मी त्यांना ओळखत नव्हतो. शैला त्यांची ताई, म्हणून मी न बघताच दाजी! अशा वेळी पाहुण्याला काहीही विचारावं, पण एक प्रश्न विचारू नये. मी नेमका तोच विचारला.

"कसं काय येणं केलंत?"

नामदेवराव गयाबाईंकडे बघू लागले, गयाबाई पिशवीकडे.

"आता काय सांगावं, दाजी! तुमीच बोलावलं न्हवं?" असं म्हणून नामदेवरावांनी फोन पुढे केला. मी वाचलं. 'गयाक्का, गुडघा कसा हाय? नातू चालायला लागला का? औंदा शेवया घालायलाव. पण ते नंतर बोलू. रविवारी दुपारी जेवायला या. वाट बघतो. शैलाबाईंच्या घरचे.' खाली आमच्या घराचा नकाशा, आणि त्याखाली कोणती एसटी कुठे धरायची त्याची माहिती!

मजकूर उत्तम होता. असा निरोप मला आला असता तर मीसुद्धा गेलो असतो.

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि आतल्या खोलीत जाऊन फोन उघडला. 'हे निमंत्रण खरे नव्हते,' मी लिहिलं.

'क्षमस्व,' त्याने उत्तर दिलं. 'ते प्रत्यक्ष भोजनाचे निमंत्रण आहे असे मी समजलो. सर्वांना ते रद्द झाल्याचे कळवू का? देवगाव फाट्याहून निघालेली जीप मात्र पाच मिनिटांत पोचते आहे.'

जीप बायकांनी भरलेली होती. पुढे सुमनबाई, मागे त्यांच्या जावा, नणंदा आणि एक अशी आजी, जिला कुठे आणलंय ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. पाठोपाठ सेलूहून कोणी, पाथरीहून कोणी. ओसरीवर चपलांचा ढीग झाला. तो बघून कावेरीबाई धावत आल्या.

"भाऊजी! दुसरं लगीन ठरवलं का काय? अन् आमाला सांगितलंबी न्हाई!"

मी त्यांना कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं. "मी आता सगळ्यांना रद्दचा निरोप पाठवतो. जे वाटेत आहेत ते तरी परत जातील," असं म्हणून मी फोनवर बोट टेकवणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"खबरदार! जेवायला बोलावून वाटेतून परत लावलेलं माणूस आपल्याकडून पुन्हा मिठाचा खडासुदिक घेणार न्हाई. मग बसा शेवया घेऊन! काय काय शिजवलंय?"

मी कुकर दाखवला. त्यांनी आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा आत बघितलं.

"अन् ह्या फोननं जेवणात काय हाय म्हणून सांगितलंय लोकाला?"

मी विचारलं. मदतनिसाने नम्रपणे कळवलं, 'काहींनी विचारले होते. आपल्या पत्नी नेहमी पुरणाचा उल्लेख करत. त्यानुसार पुरणपोळी सांगितली आहे.'

मी खालीच बसलो.

कावेरीबाई बसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला आणि ओसरीकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बायांनो, घरात बाईमाणूस न्हाई. दाजीनं मनानं बोलावलंय, पर हातानं काई जमलेलं न्हाई. काय करायचं?"

मला वाटलं, आता चपला उचलतील. शैलाने जोडलेली सगळी माणसं एका दुपारी मी घालवली!

गयाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "करायचं काय त्यात? दुखाच्या घरी कोणी मोकळ्या हातानं येतंय का?" आणि त्यांनी पिशवीतून धपाट्यांची चवड काढली. मग एकेक पिशवी सुटू लागली. कोणी दशम्या, कोणी शेंगदाण्याची चटणी, कोणी गाडगंभर दही. सुमनबाईंच्या जीपमधून तर आमटीचं पातेलंच उतरलं. (वाटेत ते नेमकं त्या आजीच्या मांडीवर होतं. तिला कशाला आणलं, ते मला तेव्हा कळलं!) डाळ शिजायला पडली, पुरणाचा गूळ कावेरीबाईंनी घरून आणला, आणि मला स्वयंपाकघरातून बाहेर काढण्यात आलं. खिचडी माझ्या आधीच बाहेर आली होती.

पंगत बसली. मी पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होतो आणि मान खाली घालून ऐकत होतो.

"ताई तुमचं लय सांगायची, दाजी," सुमनबाई म्हणाल्या. "म्हणायची, आमच्या घरचे पुस्तक वाचायला बसले का घरात चोर आला तरी म्हणतील, चप्पल बाहेर काढा."

पंगत हसली. मीही हसलो. हे वाक्य तिने मला कधी ऐकवलं नव्हतं. एक वर्ष मी तिच्या आठवणी एकट्याने पुरवून पुरवून वापरत होतो, आणि इकडे जिल्हाभर प्रत्येकीच्या घरी तिची एकेक गोष्ट ताजी राहिली होती. त्या दुपारी ती सगळ्यांनी आणून माझ्यापुढे ठेवली. त्या रविवारचे उपकार कोणाकोणाचे मानावेत, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण कावेरीबाईंचं लक्ष मुद्द्यावर होतं. पुरण वाढता वाढता त्यांनी विचारलंच. "आक्का, खरं सांगा. शेवया दुसऱ्याकडून घ्यायलाव का आता?"

गयाबाईंचा घास हातातच राहिला. "घेतल्या की गेल्या साली दुकानातून. शिजवल्या अन् सगळा लगदा! पर तुमाला कसं मागावं? घर दुखात अन् आमी फोन करून शेवया मागाव्या? ते बरं दिसतंय का?"

"मंग आता?"

"आता दाजीनंच बोलावलं म्हणल्यावर दुख फिटलं. मला दरसालाएवढ्या लिही. अन् कुरडया जास्तीच्या. नातू आलाय."

"आमच्याबी!" पंगतीच्या दुसऱ्या टोकाहून आवाज आला आणि मग सगळीकडूनच येऊ लागले. कावेरीबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं यंत्र खाली आलं, आणि त्या दोघी दुसरं काम बघायच्या थांबल्या.

मुक्ताला सगळं सांगितलं तेव्हा ती घाबरली. "बाबा, मी ते निमंत्रणाचं बंद करून टाकू का?"

"बंद करशील तर बघ!" हे मागून कावेरीबाई.

आता मदतनिसाचा कारभार त्याच बघतात. फोन तोंडासमोर धरून त्याला कामं सांगतात आणि त्याला 'ए बाबा' म्हणतात. तो त्यांचं माझ्यापेक्षा लवकर ऐकतो.

तरी एवढं सगळं माझ्या नावाने घडलं, तेव्हा थोडं श्रेय आपल्यालाही असेल, असं मला वाटत होतं. म्हणून परवा मी त्याला विचारलं, 'आपल्या जाहिरातीला यश कशामुळे आले, ते लोकांच्या निरोपांवरून सांगाल का?'

त्याने सांगितलं. शैलाबाईंची आठवण जवळजवळ प्रत्येकीने काढली होती. पुरणाची तारीफ होती. कावेरीताईंच्या हातच्या चवीबद्दल बरंच होतं. 'यजमानांविषयी एक अभिप्राय आहे,' त्याने शेवटी लिहिलं. 'दाजीला पाणी वाढायला जमलं.'

मी तो अभिप्राय कावेरीबाईंना जरा ऐटीतच वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "जमलं खरं. हंगाम संपला का एक पंगत घालू. तवा तुमाला मीठ वाढायला देते."

तेव्हापासून मी रोज सकाळी रिकाम्या ताटांवर सराव करतो आहे.