पहिला नियम आबांचा

त्या केबिनसमोरून जाताना मला आजही शिसारी येते. दार बंद, बाहेर पितळी पाटी, आणि पाटीला दर सोमवारी ताजा हार.

सोलापुरातल्या डोळ्यांच्या एका खाजगी दवाखान्यात मी नेटवर्क सांभाळते. म्हणजे कुणाचा प्रिंटर चालेना, कुणाचं वायफाय येईना, की बोलवा बाईंना. घरी आमची तेलुगू, दवाखान्यात मराठी, वॉर्डात कानडी आणि उर्दू. या सगळ्या भाषांत मला शिव्या येतात आणि मी त्या मनातल्या मनात देते, तेवढ्यावरच नोकरी टिकून आहे.

दवाखान्याची अक्कलकोटला एक शाखा आहे. दोन खोल्या, एक सिस्टर आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारं यंत्र. सिस्टर फोटो काढून सोलापूरला पाठवते, इथल्या डॉक्टर मॅडम तो बघतात आणि कळवतात, औषध घालून घरी जा, की मिळेल ती एसटी धरून इकडे या. सोय खरंच चांगली. पण दवाखान्याची इंटरनेटची लाइन बारीक आणि सगळा भार तिच्यावरच. फोटो तिच्यावरून, केसपेपर तिच्यावरून, आणि दिवसभर बोटानं सरकवत बसलेल्यांची रील्सही तिच्यावरूनच.

म्हणून मी सॉफ्टवेअरमध्ये नियम लावले. आधी ओळखायचं की लाइनवर आलेली वाहतूक कसली आहे, फोटो की सिनेमा, मग ठरवायचं की आधी कुणाला सोडायचं. सॉफ्टवेअर नियम वरून खाली वाचतं. वरच्याला लागेल तेवढं देतं, उरलं तर खालच्याला. मी अक्कलकोटचे फोटो एक नंबरला ठेवले. त्याखाली केसपेपरचा काउंटर, मग औषधांचं दुकान, मग ऑफिसं, आणि तळाला सिनेमा, गाणी, मॅच. काम फक्कड झालं होतं. मीच माझ्यावर खूश होते.

मॅनेजर साहेबांना वाटलं, विश्वस्तांच्या मीटिंगमध्ये हे प्रोजेक्टरवर दाखवावं. दाखवलं. अध्यक्षांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि वरून खाली आपलं ऑफिस शोधायला लागले. सापडलं ते औषधांच्या दुकानाच्या खाली. बाकीचेही आपापली नावं शोधत होते, लग्नाची पत्रिका हातात आल्यावर माणसं शोधतात तशी. चहा तसाच राहिला.

बाहेर आल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. मी समजावायला गेले की हा नंबर मानाचा नाही, कामाचा आहे, ज्याला घाई तो पुढे. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं टेक्निकल बरोबर असेल हो. पण यादीत आबांचं नाव कुठंच नाही, हे बरं दिसतं का?"

आबा म्हणजे आमचे संस्थापक. माणूस भला होता असं सगळे सांगतात, मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. ते गेल्यावर त्यांची केबिन तशीच ठेवलीय. आत खुर्ची, खुर्चीवर हार घातलेला फोटो, आणि फोटोसमोर भिंतभर टीव्ही. त्यावर दिवसभर इंटरनेटवरून देवळातलं थेट दर्शन चालू, कारण आबा भाविक होते. केबिनला कुलूप, किल्ली साहेबांकडे. आत बघायला चिटपाखरू नाही. मी म्हटलं, साहेब, आबा आता इंटरनेट वापरत नाहीत. ते हसले नाहीत.

मी नियम बदलायला नकार दिला, तर त्यांनी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला फोन लावून पुण्याहून परस्पर बदलून घेतले. वर माझा पासवर्ड काढून घेतला आणि सर्व्हर रूमची चावीही. नवा क्रम असा: एक आबा, मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार, विश्वस्तांचा अख्खा मजला. अक्कलकोट शेवटून दुसरं. त्या कंपनीच्या माणसानं तरी विचारावं की नाही, की बाबा, मेलेल्या माणसाला इंटरनेट कशाला? छे. गिऱ्हाईक म्हणेल तसं. सगळ्यांनी लाज कोळून प्यायलेली.

आणि मग एका क्रिकेट मॅचच्या दिवशी अक्कलकोटच्या शाखेत पलीकडच्या खेड्यातला एक मेंढपाळ आला. वय झालेलं, कानडी-मराठी मिसळून बोलणारा. एक डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेलेला. उरलेल्या डोळ्यात सकाळपासून कोपऱ्याला काळं काळं दिसत होतं. सिस्टरनं फोटो काढला, पाठवला, आणि फोटो जागचा हलेना. डॉक्टर मॅडम ऑपरेशनमध्ये. त्यांच्या मदतनीसानं फोनवर सांगितलं, फोटो येऊ दे, मॅडम बघतील. सिस्टरनं शेवटी मला फोन केला. म्हणाली, ताई, काहीतरी करा, ह्यांना दुसरा डोळा नाहीये.

मी धावत साहेबांकडे गेले. वर विश्वस्तांच्या मजल्यावर ओरडा चालू होता, बहुतेक कुणीतरी आउट झालं होतं. मी सांगितलं की एका माणसाचा एकुलता डोळा आहे, पाच मिनिटं अक्कलकोटचा नियम वर घ्या, नाहीतर केबिनचं कुलूप काढा, मी टीव्ही बंद करते.

साहेब म्हणाले, "मॅच संपू दे ना. तासाभराचा तर प्रश्न आहे."

फोटो आला तेव्हा डॉक्टर मॅडम घरी गेल्या होत्या. मेंढपाळाची शेवटची गाडी होती, मेंढरं शेजाऱ्याच्या भरवशावर होती, म्हणून सिस्टरनं त्याला उद्या या म्हटलं होतं. सकाळी मॅडमनी फोटो उघडला आणि खुर्चीतून उठल्याच. पडदा सुटत आला होता, पण मधला भाग फोटोत अजून जागेवर होता. फोनाफोनी करून त्याला गाठेपर्यंत दुपार झाली आणि इथं पोचेपर्यंत मधलाही सुटला. ऑपरेशन केलं. आता उजेड कळतो, समोर हात हलवला तर हात कळतो. मेंढरू कळत नाही.

यावर मीटिंग झाली. मला वाटलं, आतातरी कुणाची मान खाली जाईल. तर अध्यक्षांनीच मोठ्या मनानं सुचवलं की आपण सगळे एकेक पायरी खाली येऊ, अक्कलकोटला दोन नंबर देऊ. टाळ्या वाजल्या. एक नंबर द्या म्हणायला मी उभी राहिले, तर साहेब हळूच म्हणाले, आबांच्या वर कसं ठेवणार?

चावी परत मिळाली त्याच दिवशी मी सर्व्हर रूममधून आबांच्या केबिनची वायर उपसून ठेवली. टीव्ही काळा पडलाय. इतके दिवस झाले, एकाच्याही लक्षात आलेलं नाही. हार मात्र बदलतात.

मागच्या आठवड्यात मेंढपाळ अक्कलकोटच्या शाखेत तपासणीला आला होता. यंत्राचा कॉम्प्युटर अडला म्हणून मी तिथं गेले होते, त्याच खोलीत होते. त्याची हनुवटी यंत्रावर टेकवली तर त्यानं दोन्ही हातांच्या बोटांनी पापण्या ताणून धरल्या, डोळा लाल होईपर्यंत. सिस्टर म्हणाली, मामा, एवढं नको, सोडा. त्यानं सोडलं नाही.

"न्हाय बाई," तो म्हणाला. "त्या दिशी माजी पापणी हलली असंल, म्हणून फोटू लवकर गेला न्हाय. आता न्हाय हलवत."