पपईचा चीक

हिच्या बोटाला पट्टी, म्हणून मटणाला चोळायची कच्ची पपई आज मी किसत होतो. मागच्या आठवड्यात रागाच्या भरात मी दार आपटलं, त्यात तिचं बोट चेंगरलं. डॉक्टरांनी दिलेल्या मलमातही पपईच्या चिकातलंच एन्झाइम आहे. ते जखमेवरचं मेलेलं कातडं काढतं म्हणे.

माझा गोंधळ उडाला. मटण मऊ करणारा चीक जखम कशी भरून आणतो? मेलेलं कुठलं आणि जिवंत कुठलं, हे त्याला कसं कळतं? रागात मला तर काहीच कळत नाही.

मलम लावताना मी विचारलं, "दुखतंय का गं?"

"बोट भरेल हो. पण अजून दार वाजलं की दचकायला होतं."

हातातल्या ट्यूबकडे मी बघत राहिलो. त्या दचकण्यावर काय लावायचं?