चष्मा घरी विसरणाऱ्या बाई

रुपालीबाईंची नजर घारीची आहे, हे आधीच सांगून टाकतो. मला ते उशिरा कळलं. तोवर त्यांना दिसत नाही असा अर्ज मी लिहून बसलो होतो.

शिक्रापूरच्या पुढं हायवे सोडून आत गेलं की आमची वस्ती. शाळा दोन खोल्यांची, पोरं एकतीस. बाई इथं रुजू झाल्या तेव्हा वाचन चाचणीच्या यादीत चौथीतल्या हर्षदाच्या नावापुढं 'अक्षरओळख नाही' असा शेरा होता. बाईंनी पुन्हा चाचणी घेतली नाही. त्या चष्मा घरी विसरायला लागल्या.

"चष्मा राहिला बघ. काय लिहिलंय ते सांग," म्हणून कुणापुढंही कागद धरायच्या. चाचणी म्हटलं की पोरांची दातखीळ बसते. बाईंवर उपकार करायचे म्हटल्यावर तीच पोरं वाचायची. कोण कुठं अडलं ते बाई मागाहून पाठकोऱ्या कागदावर टिपून ठेवायच्या. कागदही ज्याच्या त्याच्या आवडीचा. शंभूला बैलगाडा शर्यतीचं पत्रक, झेंडूवाल्या साईला फुलांचे बाजारभाव.

हर्षदा कशालाच भुलेना. दीड महिना गेला. एकदा मधल्या सुट्टीत ती रस्त्यानं चाललेला कळप बघत होती. म्हणाली, "त्या कडंच्या मेंढीला जंत झाल्यात." दुसऱ्या दिवशी बाईंनी जनावरांच्या दवाखान्यातून जंताच्या औषधाचं माहितीपत्रक आणलं. पहिल्या ओळीला हर्षदाला अर्धा तास लागला. पण गाभण मेंढीला किती पाजायचं ते कळेपर्यंत ती जागची हलली नाही.

मग ती रोज वाचायला लागली. दोनेक महिन्यांनी तिनं घरी आजोबांना सांगितलं की बाईंना दिसत नाही, आम्हीच वाचून दाखवतो. भैरूआबांनी उभा जन्म मेंढरांमागं काढलेला. ते थेट माझ्याकडं आले.

"ज्या मेंढक्याला दिसंना, त्याच्या मागं कळप सोडायचा व्हय?"

वस्तीचे अर्ज मी लिहितो. शाळा सातवीला सुटली, पण माझा अर्ज आला की तहसीलमधले क्लार्क चहा ठेवून वाचतात. माझं डोकं फिरलं. शाळेत जाऊन बघावं असं काही मला सुचलं नाही. लिहिलं, की सदर शिक्षिका दृष्टिदोषग्रस्त असून त्यांची तात्काळ बदली करण्यात यावी. खाली सोळा सह्या आणि आबांचा अंगठा.

आठ दिवसांनी केंद्रप्रमुख अर्ज घेऊन शाळेत आले. आबांना आणि मला बोलावणं आलं. साहेबांनी भर वर्गात कागद बाईंपुढं ठेवला आणि वाचून खुलासा द्यायला सांगितलं.

बाईंनी मोठ्यानं वाचला असता तर बदली तिथंच टळत होती. पण एकतीस पोरं बघत होती. बाईंना दिसतं म्हटल्यावर उद्यापासून त्यांच्यासाठी कोण वाचणार?

बाईंनी पर्स चाचपली. "चष्मा घरी राहिला, सर," म्हणाल्या. "हर्षदा, वाच गं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, की बघा, मी म्हणत नव्हतो?

हर्षदा ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. 'दृष्टिदोषग्रस्त'पाशी अडली. त्याचे तीन तुकडे केले, परत जोडले आणि पुढं गेली. त्या शब्दाला पदवीधर क्लार्क अडखळलेले मी बघितलेत. शेवटी पोचल्यावर तिनं मान वर केली.

"आबा, तुमचं नाव हाय हितं. बाईला घालवायचं म्हणून अंगठा तुम्ही दिला?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं.

मग आबा साहेबांना म्हणाले, "कागद माघारी द्या. माझ्या घरात आजवर कुणी वाचलं न्हवतं. बाईला दिसू द्या न्हाईतर न दिसू द्या."

साहेब म्हणाले, तक्रार मागं घ्यायची तर तसा अर्ज लागेल. तोही मीच लिहिला, तिथंच बाकावर बसून. कागद उचलताना हर्षदा माझ्या कानाशी पुटपुटली, "काका, बाईला दिसतंय. माझ्या डोक्यातली ऊ त्यांनी दारातनं हेरली हुती."

"मग वाचून कशाला दावतीस?"

"त्या इचारत्यात म्हणून."

आबांनी अंगठा लगेच दिला नाही. आधी पोरगी वाचंल, म्हणाले. तेव्हापासून वस्तीतला कुठलाही अर्ज मी लिहिला की आधी हर्षदा वाचते, मग सह्या होतात. मोठे शब्द घालायचं मी सोडलेलं नाही.