खाली आलेली पट्टी

काशिराम घरत पेटीची पट्टी हळूहळू खाली आणत होता. कुमुदच्या डोक्यातून हे काही केल्या जाईना.

महिन्याभरावर पदवीदान आलं होतं. तिची प्राजक्ता या वर्षी बी.एस्सी. झालेली; पदवीही घेणार होती आणि सुरुवातीचं ईशस्तवनही तीच म्हणणार होती. तालमीला काशिराम सुकापूरहून सायकलवर, मागे पेटी बांधून घरी यायचा. पहिल्या दिवशी त्यानं काळी पाच धरली होती. आज त्याचं बोट त्याहून खालच्या काळी चारवर होतं. कुमुदनं गाण्याच्या तीन परीक्षा दिलेल्या. तिचा कान फसणार नव्हता.

काशिराम सातवी शिकलेला. घरचं मिठागर न्हावा शेव्याच्या बंदरासाठी गेलं तेव्हा भरपाईतून भावांनी ट्रक घेतला, यानं पेटी घेतली. भाऊ अजून हसायचे, "दादा, तुझी पेटी न्हावा शेव्याला किती फेऱ्या मारते रं?" तो भजनाला वाजवायचा आणि चौदा वर्षं कॉलेजच्या पदवीदानाला. दर वर्षी इस्त्रीचा तोच पांढरा सदरा घालून यायचा आणि शेवटचा मुलगा स्टेजवरून उतरेपर्यंत हलायचा नाही. एवढा भला माणूस मुलीचं गाणं का बिघडवेल?

पण त्याची पुतणी मनिषा ईशस्तवनाच्या निवडीत दुसरी आली होती. खाली लावलेला आवाज मांडवात मागच्या रांगेपर्यंत पोचणार नाही. मग प्राचार्य म्हणतील, मनिषालाच बोलवा.

तालीम संपल्यावर कुमुदनं त्याला दारात गाठलं.

"काशिराम, पट्टी कुणाच्या सांगण्यावरून उतरवलीत?"

तो पेटीची दोरी आवळत राहिला. "आमी आपलं गाणाऱ्याच्या मागनं जातो, ताई."

"हे उत्तर नाही झालं."

"मग पोरीलाच इचारा. मला बोलायचं नाय."

चहा न घेताच तो गेला. चोराच्या मनात चांदणं असल्यासारखा, तिला वाटलं. प्राचार्यांचा नंबर तिनं फोनपाशी काढून ठेवला. त्याला बदला, एवढंच सांगायचं होतं. पण आधी खात्री हवी. तिनं कपाटावरची आपली जुनी पेटी काढली, काळी पाच दाबली.

"म्हण."

"आत्ताच तर झालं, आई!"

"म्हण म्हटलं ना."

अंतऱ्यात वर जाताना प्राजक्ताचा आवाज चिरला. ती खोकायला लागली, थांबेचना.

"किती दिवस झाले घशाला?"

"पंधरा. काशिरामकाकांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. मीच शपथ घातली त्यांना. तुला कळलं असतं तर तू मला स्टेजवर चढू दिलं असतंस?"

कुमुदनं पेटीचा भाता मिटला. नसतंच दिलं. आताही तोंडावर तेच आलं होतं. मुलगी तिच्याकडे बघत होती, डोळे भरलेले.

"डॉक्टरकडे आजच जायचं," ती म्हणाली. "आणि गायचं. पण एकटीनं नाही."

प्राचार्यांच्या नंबराचा कागद तिनं उलटा ठेवला. सुकापूरच्या किराणा दुकानातून काशिरामला निरोप मिळे. तो नंबर तिला पाठ होता. उद्या येताना मनिषाला घेऊन या, दोघी मिळून म्हणतील, असं सांगायचं.

हेच तर त्याला हवं नसेल? शंका पुन्हा उठलीच. असेल तर उद्या त्याच्या चेहऱ्यावर दिसेल. ती दारातच उभी राहणार होती.

तिनं रिसीव्हर उचलला.