दात कशानं घासता, असं विचारणाऱ्या वसुधाताई

डॉ. वसुधाताई मगदूम यांची आणि माझी पहिली भेट दवाखान्यात नाही, आमच्या दूध संस्थेत झाली. कागल तालुक्यातल्या आमच्या गावात महिलांची दूध संस्था आहे, आणि सचिव म्हणून सकाळचं संकलन मी बघते. कोल्हापुरातल्या कर्करोगाच्या नामवंत डॉक्टर शिबिराला येणार म्हणून मी मांडव, माईक, हार अशी जय्यत तयारी केली होती. ताई आल्या आणि म्हणाल्या, "मांडव नको. बायका दूध घालायला येतात तिथंच एक खुर्ची द्या." मला रागच आला. हार तेवढा त्यांनी घेतला, आणि रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या म्हातारीच्या गळ्यात घातला.

त्या प्रत्येकीला विचारत होत्या, "तंबाखू खाता का?" सगळ्या न्हाय म्हणाल्या. माझी थोरली बहीण, आमची आक्का, तर ठणकावून म्हणाली, "तंबाखू गडी माणसं खात्यात. आमच्यात बायका न्हाईत खात." खोटं एकीनंही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे तंबाखू तव्यावर भाजून, चुरून मिश्री करतात आणि बायका ती दातांना, हिरड्यांना लावून बसतात. शेजारीण आली की चहाच्या आधी मिश्रीची डबी पुढं होते. पण ती कुणाच्या लेखी तंबाखू नाहीच, दात घासायची पूड आहे. ताईंची नजर बायकांच्या बोटांच्या काळ्या टोकांवर गेली आणि त्यांनी प्रश्न बदलला. "बरं, दात कशानं घासता?" सगळ्या एकदम म्हणाल्या, "मिश्रीनं की." तेव्हापासून ताई कुठल्याही गावात गेल्या तरी आधी हेच विचारतात, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टरही तेच विचारतात.

त्याच दिवशी आक्काच्या गालाच्या आत पांढरा चट्टा सापडला. तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता, पण मिश्री चालू राहिली तर पुढं होऊ शकतो, असं ताईंनी स्पष्ट सांगितलं. आई-वडिलांच्या मागं मला माहेर म्हणून आक्काच आहे. ती मिश्री सोडते की नाही, या घोरानं माझी झोप उडाली.

आणि आक्का म्हणजे हट्टाचं दुसरं नाव. कुणाच्या तरी मोबाईलवर ऐकून तिनं साखर सोडली, बटाटा सोडला, मटण बंद केलं, गव्हांकुराचा रस सुरू केला. मिश्री तेवढी ठेवली. "समदं सोडलंय की. आता एवढी तरी ऱ्हाऊ दे," म्हणायची. मी डोक्याला हात लावला.

ताई मात्र चिडल्या नाहीत. त्या जैन घरातल्या, त्यांच्याकडे कांदा-लसूणही चालत नाही; पण आमच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. आक्काला म्हणाल्या, "सणावाराला वाटीभर रस्सा प्या. रोजच्या ताटात भाजी, उसळ वाढवा, वजन आटोक्यात ठेवा, चालायला जा. यानं धोका कमी होतो. पण मिश्री ठेवून बाकीचं पाळणं म्हणजे दार उघडं टाकून खिडकीला कडी लावणं." एकदा एका सभेत त्यांच्याच समाजातले एक व्यापारी गुटख्याची पुडी फोडत म्हणाले होते, "आम्ही शाकाहारी. आम्हाला कसला कॅन्सर?" ताई म्हणाल्या, "गुटखाही शाकाहारीच आहे, शेठ." सगळी सभा हसली, शेठसुद्धा.

आक्काला तलफ आली की चघळायला म्हणून ताई स्वतः भाजलेली बडीशेप घेऊन यायच्या. एवढ्या मोठ्या डॉक्टर, पण "आज काय केलंत आक्का?" म्हणून फोन करायच्या. त्या फोनला घाबरून म्हणा, लाजून म्हणा, आक्काची मिश्री सुटली.

आणि मग, सत्तरी ओलांडल्यावर, ताईंनाच स्तनाचा कर्करोग झाला. साधं जेवण, पहाटे रंकाळ्यावर फिरणं, व्यसन कसलंच नाही, अशा बाईंना. बातमी गावात आली. आक्काकडे गेले तर तिनं तंबाखू भाजायला तवा ठेवलेला. "एवढं पाळून त्यास्नी झाला. मग माझ्या मिश्रीनं काय घोडं मारलंय?" गावातल्या निम्म्या बायका हेच म्हणत होत्या. ताईंचं सगळं काम पाण्यात जाणार, असं मला वाटलं.

उपचार संपत आले तेव्हा ताई डोक्याला रुमाल बांधून संकलनाला आल्या. आम्ही कोल्हापूरची माणसं, आडपडदा ठाऊक नाही. आक्कानं तोंडावर विचारलं, "बाई, तुमी समदं पाळलं. मग तुमास्नी कसा झाला?" मला तिथून पळून जावंसं वाटलं.

ताई म्हणाल्या, "मला माहीत नाही, आक्का. वय असतं, घराण्यातून आलेलं असतं, कधी कारणच सापडत नाही. धोका कमी होतो एवढंच मी सांगितलं होतं, होणारच नाही असं नाही. ज्याला झाला त्यानं पाप केलं असंही कुणी म्हणू नका. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. वेळेवर तपासलं म्हणून लवकर सापडला आणि इथवर आले. तुमच्या हातात तर अजून डबी आहे."

आक्का तडक उठली. घरी जाऊन तिनं मिश्री चुलीत टाकली, ती कायमची. चट्टा पुढं वाढला नाही. ताई अजून दर खेपेला तिचं तोंड उघडून बघतात. आमच्या गावात आता नव्या सुना मिश्रीला हात लावत नाहीत. शहरात ताईंना सन्मान पुष्कळ मिळाले असतील, पण हा आमचा आहे, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले तेव्हा आक्का म्हणाली, "शंभर वरसं जगा, असं समदीच लिवतील. तू लिव, बाईंनी आपली तपासणी चुकवू नये. आन् त्यांच्यासंगं म्या जाणार हाय." परवा ती खरंच गेली. ताई आत असेपर्यंत दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिली. तपासणी चांगली निघाली.

ताईंची तपासणी दर वर्षी अशीच चांगली निघो, आणि सोबत जायचं हे काम आमच्या आक्काला पुढची पंचवीस वर्षं पुरो.