अप्पांच्या गाडीचा पोचा

अप्पा भाजी घ्यायला निघाले की सुरतेतल्या डिंडोलीच्या बाजारातल्या भाजीवाल्या एकमेकींना खुणा करायच्या. एकीनं मेथीचा भाव सांगितला की अप्पा तिला म्हणायचे, "चल माय, पुढच्या पाटीपर्यंत ये माझ्यासंगे. तिचा भाव तू तुझ्या कानांनी ऐक. नंतर म्हणू नको की म्हातारा खोटं बोलला." एकदा एक बाई खरंच उठून त्यांच्यामागे गेली. दोघी भाजीवाल्या बोलता बोलता एका गावच्या निघाल्या आणि दोघींनी मिळून अप्पांना मेथी दुप्पट भावानं घ्यायला लावली. अप्पा ही गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगायचे आणि पोट धरून हसायचे.

त्यांचं पूर्ण नाव दौलत पाटील. गाव अमळनेरजवळचं. भेस्तानच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, ते घड्या घालायच्या फोल्डिंग खात्याचे मास्तर होते आणि मी त्याच खात्यात कारकून. मी अकोल्याहून नवीन आलेला, सुरतेत ओळखीचं कुणी नाही. अप्पांनीच मला त्यांच्या गल्लीत खोली मिळवून दिली. माझं लग्न झालं तेव्हा मिक्सर घ्यायला आम्हा नवराबायकोला घेऊन ते अख्खा रिंग रोड हिंडले. एका दुकानाच्या पोऱ्याला घेऊन दुसऱ्या दुकानात जायचे. "ऐक भो," ते मला म्हणायचे, "दुसऱ्याच्या तोंडचा भाव आणि दुसऱ्याच्या तोंडची निंदा, दोन्ही आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय खरी मानू नये." बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी सुनंदा जळगावला दिलेली. घरात एकटेच होते, पण त्यांच्या ओट्यावर माणूस नाही असं सहसा व्हायचं नाही.

नव्वदनंतरच्या एका दिवाळीत अप्पांनी जुनी पांढरी मोटार घेतली. आमच्या गल्लीतली ती पहिली मोटार. शिकले उतारवयात, त्यामुळे गाडी मागे घ्यायची म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. समोरच्या खोलीतला किसन वाघमारे रिक्षा चालवायचा. जिंतूरकडचा माणूस, अबोल, रिक्षाच्या पुढच्या काचेवर छोटंसं निळं निशाण लावलेला. अप्पा गाडी लावायला लागले की किसन हातातलं जेवण टाकून बाहेर यायचा. "येऊ द्या, येऊ द्या अप्पा... आता डावीकडं... बस!" गाडी आणि रिक्षा शेजारी शेजारी उभ्या राहायच्या, मधे जेमतेम माणूस जाईल एवढी फट ठेवून.

होळीनंतर सुनंदा आणि जावई आले. जावई एका कचेरीत नोकरीला, चष्मा, सफारी, बोलणं मोजकं. जावयाचं कौतुक करताना अप्पांचा आवाजच बदलायचा. त्या आठवड्यात आमची दुसरी, दुपारची पाळी होती. रात्री परत आलो तेव्हा गाडी जागेवर होती. सकाळी अप्पांच्या ओरडण्यानं मी बाहेर आलो. गाडीचा डावा दरवाजा आत गेला होता, मडगार्ड चेपलं होतं, रंगाचे पापुद्रे उडाले होते. आणि डाव्या बाजूला किसनची रिक्षा उभी होती.

"किसन! बाहेर ये!" अप्पांनी हाक मारली. मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "रात्री रिक्षा लावताना ठोकलीस ना? ठोकलीस तर सांगायला काय झालं होतं? गुपचूप जाऊन झोपलास?"

किसन बनियनवर उभा होता. "अप्पा, मी न्हाई ठोकली. मी आलो तवा गाडी अशीच लावलेली होती. अंधारात दिसलं बी न्हाई."

"मग काय गाडी आपोआप चेपली? खोटं बोलायची लाज वाटत नाही?"

गल्ली गोळा झाली. बायका हंडे घेऊन थांबल्या. किसनची मुलगी दप्तर घेऊन दारात उभी होती, ती आत पळाली. जावई ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

मग अप्पांनी त्यांच्या पद्धतीचा न्याय केला. "मी तुला लुबाडणार नाही. चल गाडीत बस. पाच ठिकाणी भाव काढू, तू तुझ्या कानांनी ऐक. सगळ्यात कमी असेल तो दे." मलाही त्यांनी साक्षीदार म्हणून पुढं बसवलं. मागच्या सीटवर किसन. रिक्षा त्या दिवशी बंद, आमची पाळीही बुडाली.

त्या फेरीइतकी लांब फेरी मी कधी केली नाही. उधन्याच्या पहिल्या गॅरेजमध्ये मिस्त्रीनं दरवाजाच नवीन टाका म्हटलं. दुसऱ्यानं पत्रा ठोकून सरळ करतो, रंग मात्र अख्ख्या बाजूला मारावा लागेल, असं सांगितलं. प्रत्येक ठिकाणी अप्पा किसनला खाली उतरवायचे आणि मिस्त्रीला म्हणायचे, "यांना सांगा. पैसे यांना द्यायचे आहेत." मिस्त्री किसनकडे वरपासून खालपर्यंत बघायचा. किसन मान खाली घालून भाव ऐकायचा आणि परत मागं बसायचा. अप्पांना वाटत होतं, आपण फार सरळ वागतोय. मला मात्र खिडकीबाहेर बघण्यापलीकडे काही सुचत नव्हतं.

भेस्तानच्या रस्त्यावर एका टपरीवजा गॅरेजपुढे गाडी थांबली. मिस्त्री हात पुसत आला, गाडीभोवती न फिरता सरळ डाव्या बाजूला गेला आणि हसला. "आ गाडी तो काले बपोरे आवी हती ने? चश्मावाळा भाई लईने आव्या हता. कहेता हता, ससराजीनी गाडी छे, थांभलामां ठोकाई गई, सांज सुधीमां थई जशे? में कह्युं, बे दिवस तो लागे."

काल दुपारी. चष्मेवाला माणूस. सासऱ्याची गाडी. खांबाला ठोकली. संध्याकाळपर्यंत होईल का. तिघांनाही गुजराती चांगलं कळत होतं.

अप्पांनी मिस्त्रीला पुन्हा विचारलं नाही. बॉनेटवर हात टेकून ते उभे राहिले. आम्ही पाळीवर गेल्यावर खिळ्यावरची किल्ली घेऊन कोण बाहेर पडलं असेल, हे सांगायची गरजच नव्हती. त्यांच्या तोंडून गावाकडच्या अहिराणीत निघालं, "मन्हं चुकनं." माझं चुकलं. बाहेर ते कधी अहिराणी बोलत नसत.

किसन खाली उतरला होता. अप्पा त्याच्याकडं वळले, हात जोडायला गेले. किसन एक पाऊल मागं सरकला.

"अप्पा, तुम्ही मेथीचा भाव चार बायांना विचारता," तो हळूच म्हणाला. "मला तुम्ही विचारलं बी न्हाई. ठोकलीस असंच म्हणालात. माझ्या जागी दुसऱ्या कुणाची रिक्षा असती, तर आधी विचारलं असतंत."

किसन गाडीत परत बसला नाही. उन्हात रस्त्याच्या कडेनं चालत निघाला. अप्पा काही अंतर गाडी हळूहळू त्याच्या मागं नेत राहिले, मग मीच म्हणालो, "अप्पा, राहू द्या. त्यात त्याला आणखी वाईट वाटेल."

घरी आलो. जावई ओट्यावर उभे होते, आमचे चेहरे बघून त्यांना समजलं. अप्पांनी त्यांना "चहा झाला का?" एवढंच विचारलं, गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि ते ओटा उतरून नळावर गेले. संध्याकाळची नळाची वेळ होती, अख्खी गल्ली तिथं रांगेत. किसनही तोवर पोचला होता. अप्पांनी सकाळइतक्याच मोठ्या आवाजात सगळ्यांना थांबवलं.

"ऐका. गाडी किसननं ठोकलेली नाही. मी त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणालो, तो खोटारडेपणा माझ्या घरातला निघाला. मी त्याची माफी मागतो."

"कुणी ठोकली मग, अप्पा?" कुणीतरी विचारलंच.

"घर माझं आहे. म्हणजे मीच."

किसननं हंडा भरला आणि तो घरात गेला. अप्पा परतले तेव्हा ओटा रिकामा होता. मागच्या बोळानं जावई सुनंदाला घेऊन स्टेशनवर निघून गेले होते. सुनंदाला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे मला आजही ठाऊक नाही.

त्यानंतरचे अप्पा वेगळे होते. भाजी ते पहिल्या पाटीवरून निमूट उचलायचे. गाडी त्यांनी दुरुस्त करून विकून टाकली. रोज सकाळी किसनसमोर थांबून "जय भीम, किसन" म्हणायचे. किसन कधी मान हलवायचा, कधी तेवढंही नाही. पुढं तो बिऱ्हाड घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडकडे गेला. मी एकदा म्हणालो, "अप्पा, तुम्ही माफी मागितलीत की." ते म्हणाले, "मागणं माझ्या हातात होतं, भो. देणं त्याच्या हातात आहे. घाई कशाला करायची?"

सुनंदा सुरतला परत आली नाही. अप्पाच सणासुदीला जळगावला जायचे. जावई नेमके तेव्हा बाहेरगावी असायचे. अप्पा तिथंही त्या दिवसाचा विषय काढत नसत. "पोरीचा संसार आहे," एवढंच म्हणायचे.

निवृत्त होऊन अप्पा गावी गेले आणि फार दिवस राहिले नाहीत. दशक्रियेला मी अमळनेरला गेलो. बोरी नदीच्या काठी विधी चालले होते. जावई माझ्याजवळ येऊन बसले. केस पिकले होते. नदीकडं बघतच त्यांनी विचारलं, "मामांनी त्या दिवशी नळावर सगळ्यांना माझं नाव सांगितलं, तेव्हा तुम्ही तिथं होतात ना?"

"होतो," मी म्हणालो. "पण त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही. लोकांनी विचारलं, तरी नाही. स्वतःचंच घेतलं."

त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. "नक्की?"

"माझ्या कानांनी ऐकलंय."

त्यांनी चष्मा काढला. "त्यांचा आवाज चढला तसा मी निघालो, पुढचं ऐकलंच नाही. सुरतेत तोंड दाखवायला जागा उरली नाही, असं समजून मी सुनंदाला एकदाही माहेरी पाठवलं नाही," ते म्हणाले. पलीकडे भटजींनी जावयाला हाक मारली, पाणी सोडायला. ते उठले नाहीत. दुसऱ्यांदा हाक आली, तेव्हा सुनंदानंच येऊन त्यांचा हात धरला.