संचेती सरांच्या काचेखालचा कोरा पेपर

"तौर सर, संचेती सर गेले हो... तुम्ही जल्दी या, घरात मॅडम एकट्याच हायेत." फोनवरचा आवाज रडत होता आणि बोली अस्सल जालन्याची. कोण बोलून राह्यलं तेच मला कळेना. मग ध्यानात आलं, अरे, हा तर रामाश्रय! काही वर्षांपूर्वी बिहारहून आला तेव्हा याला 'पुढं सरका' एवढीच मराठी येत होती. त्या सकाळीही, रडता रडता, मला सरांचं कौतुकच वाटलं. आता महिना झाला. आठवण आली की डोळे भरतात, पण हसूच जास्त येतं.

आमच्या तंत्रनिकेतनात सर वर्कशॉपचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली निदेशक. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये दूरदूरच्या राज्यांतून आलेले चांगले कारागीर नुसते लोडिंगला लागलेले असतात, कारण हातात कला आहे पण कागद नाही. सरांनी ठरवलं, रविवारी वर्कशॉप बंदच असतं, तर या लोकांसाठी उघडायचं. काय येतं ते तपासायचं, ड्रॉइंग, मोजमाप आणि कामापुरती मराठी शिकवायची, मग मिलवाल्यांना बोलावून त्यांच्यासमोर काम करून दाखवायचं. मी भडकलो. "सर, आपली इथली, वडीगोद्रीची, वाटूरची पोरं घरी बसलीत की!" सर शांतपणे म्हणाले, "त्यांनाही आणा ना. आमचे पणजोबा राजस्थानातून आल्ते, तौर. त्यांनाही कुणीतरी इथं दुकानात बसू दिलंच असेल." मी तोंड वाकडं करून कामाला लागलो.

आणि पहिल्याच रविवारी मी माती खाल्ली. आमच्याकडे आधी पेपर, पास झाला तरच मशीनला हात, हीच सवय. मी सगळ्यांना आमच्या पोरांचाच मराठीतला पेपर दिला. रामाश्रयनं नाव लिहिलं, तेही हिंदीत, आणि पेपर कोराच परत केला. मी लाल पेनानं भलंमोठं शून्य काढलं. तो पायरीवर पिशवी घेऊन बसला. गावाकडचं तिकीट काढूनच आल्ता. इथं टर्नरचं, म्हणजे लेथवरचं काम मिळालं तर ठीक, नाहीतर परत जायचं, पण पोती उचलायची नाहीत, असं त्याचं ठाम होतं.

सरांनी ते शून्य पाहिलं. "लेथवर उभं केलं का याला?"

"पेपर कोरा दिलाय सर, लेथवर काय दिवे लावणार?"

"मंग पाहू की."

सळई ज्या रोलमधून निघते, त्या रोलवरच्या खाचा लेथवर कापायच्या असतात. सरांनी जुना रोल चढवायला लावला आणि माप तोंडी, हिंदीत सांगितलं. रामाश्रयनं खिशातून माप घ्यायचा झिजलेला कॅलिपर काढला, पट्टीला लावून उघडला. कॅलिपरवर आकडेच नव्हते! मला हसू आलं. तो खाच कापायचा, कॅलिपर लावायचा, अंगठा फिरवायचा, परत कापायचा... शेवटी मी ऐटीत मायक्रोमीटर लावला. माप बराबर होतं. मी दोनदा लावला. लाज वाटली हो, खरंच लाज वाटली.

"लिहा, तौर."

"कशावर?"

"ह्याच्यावरच की." सरांनी तोच पेपर उलटा केला. मी माप लिहिलं, 'काम चोख' लिहिलं, सही केली. "ड्रॉइंग मात्र वाचता आलं पाहिजे," सर रामाश्रयला म्हणाले, "त्यात बिलकुल सूट न्हाई." त्यानं दुपारी जाऊन तिकीट रद्द केलं. पुढं सगळे रविवार तो ड्रॉइंग शिकला आणि मी त्याच्याकडून खाचेला अंगठा लावायला शिकलो. एका मिलमालकानं समोर उभं राहून त्याचं काम पाहिलं आणि टर्नर म्हणून घेतलं.

तो पेपर सरांनी टेबलावरच्या काचेखाली ठेवला, माझ्या सहीची बाजू वर करून. शून्य खाली झाकलेलं. "काढा ना सर ते," मी म्हणायचो. "राहू द्या, तुमची सही छान आलीय," म्हणून हसायचे.

आता त्या टेबलाशी मी बसतो. मागच्या रविवारी रामाश्रय ओडिशाच्या एका वेल्डरला घेऊन आला. मी सवयीनं खण उघडला, प्रश्नपत्रिका काढली... आणि नजर काचेवर गेली. काच उचलली, पेपर उलटा केला. माझं लाल शून्य वर आलं. ते आता तसंच माझ्या नजरेसमोर राहील. प्रश्नपत्रिका खणात टाकली आणि त्या वेल्डरला म्हणालो, "चला, आधी मशीनवर."